व्यावसायिक ट्रायथलीटची कारकीर्द कशी उभारावी: पहिल्या निर्णयापासून निवृत्तीपर्यंत

ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार एकापाठोपाठ एक करायचे असतात. सुरुवातीच्या इशाऱ्यापासून अंतिम रेषेपर्यंत घड्याळ एकदाही थांबत नाही; वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा घट्ट रबरी पोशाख, उतरवायला आणि बूट चढवायला लागलेला वेळसुद्धा त्यात मोजला जातो. हौसेने हा खेळ खेळणारे पुष्कळ आहेत, पण उपजीविकेसाठी तो पत्करणारे फार थोडे आहेत, आणि त्यांचे जगणे बाहेरून दिसते त्यापेक्षा बरेच वेगळे असते. वयोगटाच्या, म्हणजे हौशी खेळाडूंच्या, स्पर्धांत सातत्याने वर येणाऱ्या, किंवा पोहण्यातून अथवा धावण्यातून या खेळाकडे वळू पाहणाऱ्या आणि हा व्यवसाय होऊ शकेल का असा गंभीरपणे विचार करणाऱ्या खेळाडूंसाठी हा लेख आहे.

आरंभीच एक कसोटी सांगून ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर ती लागू पडते. या खेळात लागणारी दमसास एखाद्या जबरदस्त सरावसत्राने येत नाही. महिनोन्‌महिने आणि वर्षानुवर्षे खंड न पडलेल्या सरावातून ती साचत जाते. म्हणून प्रशिक्षक निवडताना, करारावर सही करताना, आहार ठरवताना आणि दुखऱ्या पायाने धावावे की न धावावे हे ठरवतानाही एकच प्रश्न विचारावा: या निर्णयामुळे माझा सराव पुढचे सहा महिने अखंड चालेल का?

पायरी १: कोणत्या अंतराचा खेळाडू व्हायचे ते ठरवा

आधुनिक ट्रायथलॉनची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन दिएगोच्या मिशन बे येथे झाली. त्यानंतर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन, म्हणजे लांब अंतराची ट्रायथलॉन, झाली. तिच्यात १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. ट्रायथलॉनचा ऑलिंपिक प्रवेश २००० साली सिडनीत झाला. या दोन परंपरांतून आज दोन वेगळे व्यवसाय निर्माण झाले आहेत, आणि नवोदिताने त्यांतला फरक नीट समजून घ्यावा.

पहिला व्यवसाय कमी अंतराचा. ऑलिंपिक अंतर म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. स्प्रिंट त्याच्या निम्मे असते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून मिश्र रिलेही पदकाचा प्रकार झाला आहे. या स्पर्धांत एलिट, म्हणजे अव्वल गटातील, खेळाडूंना सायकलवर एकमेकांच्या मागे राहून वारा चुकवण्याची, म्हणजे ड्राफ्टिंगची, मुभा असते. साहजिकच पोहून पहिल्या गटासोबत पाण्याबाहेर न आलेल्या खेळाडूची शर्यत बहुतेक वेळा पाण्यातच संपते, कारण पुढे गेलेला गट एकट्याने गाठणे जवळजवळ अशक्य असते. अनेक स्पर्धांत पुढच्या खेळाडूंनी एक पूर्ण फेरीने मागे टाकलेल्याला शर्यतीतून बाहेरच काढले जाते.

दुसरा व्यवसाय लांब अंतराचा. अर्ध्या अंतरात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. पूर्ण अंतरात ३.८, १८० आणि ४२.२. त्यांच्या जोडीला २०२४ पासून टी१०० ही जागतिक मालिका सुरू झाली असून तिच्यात २, ८० आणि १८ असे एकूण १०० किलोमीटर असतात. येथे ड्राफ्टिंगला बंदी असते आणि पुढच्या सायकलपासून ठरावीक अंतर राखावे लागते. हे अंतर स्पर्धेनुसार १२ ते २० मीटर असते. त्यामुळे एकट्याने तासन्‌तास स्थिर जोर लावण्याची क्षमता आणि वाऱ्याला कमीत कमी अडथळा करणारी शरीराची ठेवण येथे निर्णायक ठरते.

वय कमी असेल आणि पोहणे चांगले असेल तर कमी अंतरापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वेग तरुणपणी कमवावा लागतो. सहनशक्ती नंतरही वाढवता येते. जर्मनीचा यान फ्रोडेनो २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक विजेता झाला आणि २०१५, २०१६ व २०१९ मध्ये त्याने हवाईतील कोना येथे आयर्नमॅन जागतिक अजिंक्यपद मिळवले. नॉर्वेच्या क्रिस्टियान ब्लुमेनफेल्टने टोकियोत सुवर्णपदक जिंकले आणि मे २०२२ मध्ये अमेरिकेतील सेंट जॉर्ज येथे तो आयर्नमॅनचा जगज्जेताही झाला. उलट दिशेने, लांब अंतराकडून ऑलिंपिककडे, असा प्रवास फारच क्वचित दिसतो.

पायरी २: स्वतःचे मोजमाप करा, आणि ते स्वतः करू नका

आपण किती चांगले आहोत याचा आपलाच अंदाज बहुधा चुकतो. म्हणून मोजमाप तरणतलावात, प्रयोगशाळेत आणि अधिकृत शर्यतीत दुसऱ्याकडून करून घ्यावे. ऑलिंपिक अंतराच्या वरच्या पातळीवर पुरुष १५०० मीटर साधारण १७ ते १८ मिनिटांत पोहतात आणि सायकलवरून उतरल्यानंतरचे १० किलोमीटर २९ ते ३१ मिनिटांत धावतात. स्त्रियांमध्ये तेच धावणे ३३ ते ३५ मिनिटांचे असते. पूर्ण अंतरातील वेळा तर गेल्या काही वर्षांत थक्क करणाऱ्या पातळीवर आल्या आहेत: पॅट्रिक लांगने २०२४ मध्ये कोनाची शर्यत ७ तास ३५ मिनिटे ५३ सेकंदांत पूर्ण केली.

हे आकडे वाचून खचून जाण्याचे कारण नाही. आजची वेळ जितकी महत्त्वाची, तितकीच सुधारणेची गतीही महत्त्वाची असते. ग्वेन जॉर्गन्सन महाविद्यालयात पोहत आणि धावत असे. पुढे लेखापाल म्हणून नोकरी करत असताना अमेरिकेच्या ट्रायथलॉन संघटनेने तिला हेरले, आणि २०१६ मध्ये रिओत ती ऑलिंपिक विजेती झाली. क्रिसी वेलिंग्टन २००६ मध्ये वयोगटाची जगज्जेती होती. २००७ मध्ये वयाच्या तिशीत ती व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी तिने कोना जिंकले. लुसी चार्ल्स-बार्कले पोहण्यातून आली, चेल्सी सोडारो धावण्यातून आली, आणि दोघीही कोना येथे विजेत्या झाल्या. यांच्यात समान धागा असा की बहुतेकींकडे या खेळात येण्यापूर्वीच अनेक वर्षांच्या शिस्तबद्ध सरावाचा पाया होता.

लहानपणी पोहण्याचे तंत्र न शिकलेल्या खेळाडूने मात्र एक गोष्ट मान्य करावी. सायकल आणि धावणे प्रौढपणी झपाट्याने सुधारते, पोहणे तसे सुधारत नाही. पाण्याची पकड अंगात मुरायला वर्षे लागतात. अशा खेळाडूने किमान दोन हंगाम आठवड्यातून पाच ते सहा वेळा पाण्यात उतरावे, आणि त्यांतली निदान दोन सत्रे निव्वळ तंत्रासाठी, जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली करावीत.

पायरी ३: परवाना घ्या, पण घाई करू नका

व्यावसायिक किंवा एलिट म्हणून उतरण्यासाठी आपापल्या देशाच्या राष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो. त्याचे निकष देशागणिक बदलतात. सर्वसाधारणपणे मान्यताप्राप्त स्पर्धेत वरचे स्थान किंवा विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांच्या आत शर्यत पूर्ण करणे अपेक्षित असते. कमी अंतराचा मार्ग ज्युनियर, २३ वर्षांखालील, खंडीय चषक, विश्वचषक आणि शेवटी जागतिक अजिंक्यपद मालिका असा चढत जातो. प्रत्येक टप्प्यावर मिळणारे क्रमवारीचे गुण पुढच्या स्पर्धेचे दार उघडतात. पॅरिस २०२४ साठी पुरुषांच्या ५५ आणि स्त्रियांच्या ५५ जागा होत्या व एका देशाला प्रत्येक गटात जास्तीत जास्त तीन खेळाडू पाठवता येत होते. बलाढ्य देशांत खरी चुरस देशांतर्गत निवडीतच का होते, ते यावरून कळेल.

निकष पूर्ण झाले की लगेच परवाना घेतलाच पाहिजे असे नाही. वयोगटात पहिला येणारा खेळाडू व्यावसायिकांत शेवटच्या काही जणांत येऊ शकतो, आणि तेथे पाण्यातून एकट्याने बाहेर पडून १८० किलोमीटर एकट्याने काटण्याची वेळ त्याच्यावर येते. निकष एकदा नव्हे, वेगवेगळ्या प्रकारच्या मार्गांवर दोन-तीनदा पूर्ण करावेत, किमान वर्षभराच्या खर्चाची तजवीज करावी, आणि मगच अर्ज करावा.

पायरी ४: माणसे जोडा

सुरुवातीला मोठा ताफा लागत नाही. एक प्रशिक्षक, एक फिजिओथेरपिस्ट, आणि रक्ततपासणीचे अहवाल वाचून खेळाडूच्या भाषेत सांगू शकेल असा एक डॉक्टर, एवढे पुरे. तिन्ही प्रकारांसाठी तीन स्वतंत्र प्रशिक्षक ठेवण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक जण आपल्या प्रकारापुरते योग्य तेच सांगतो आणि त्या तिन्हींची बेरीज शरीराला पेलत नाही. तज्ज्ञ कितीही असोत, एकूण भाराचा हिशेब एकाच माणसाकडे असावा. प्रशिक्षकाची पारख करताना त्याचे सर्वोत्तम शिष्य कोण, एवढेच पाहू नये. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे असलेल्यांपैकी किती जण आजही दुखापतीविना शर्यतीत उतरत आहेत, हेही विचारावे.

पायरी ५: वर्ष आणि आठवडा बांधा

या व्यवसायाचा खरा गाभा येथे आहे, म्हणून ही पायरी सविस्तर पाहू.

लांब अंतराचा व्यावसायिक खेळाडू आठवड्याला साधारण २५ ते ३५ तास सराव करतो. आकड्यांत सांगायचे तर २० ते २५ किलोमीटर पोहणे, ३५० ते ५०० किलोमीटर सायकल, ७० ते १०० किलोमीटर धावणे, आणि त्याखेरीज दोन वेळा वजनांचा व्यायाम. नवोदिताने हे आकडे पाहून पहिल्याच महिन्यात तेथवर उडी मारू नये. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत जुळवून घेतात. स्नायुबंध आणि हाडांना मात्र महिने लागतात. आपल्याला झेपते आहे अशी भावना हृदयाकडून येते आणि मोडतो तो पाय, ही या खेळातील नेहमीची शोकांतिका आहे. धावण्याचे अंतर सर्वांत सावकाश वाढवावे, आणि जास्तीचा भार सायकल व पाण्यावर टाकावा, कारण तेथे हाडांना आदळ बसत नाही.

एकूण वेळेचा मोठा हिस्सा, म्हणजे सुमारे चार पंचमांश, सहज बोलता येईल इतक्या हलक्या तीव्रतेवर असावा. उरलेल्या वेळात कठीण काम करावे आणि ते मोजून करावे. नॉर्वेच्या खेळाडूंनी रुजवलेली पद्धत याच मोजमापावर उभी आहे: थ्रेशोल्डच्या, म्हणजे जिच्यापुढे थकवा झपाट्याने वाढतो त्या सीमेच्या, आसपासची सत्रे करताना मधूनमधून बोटाच्या किंवा कानाच्या पाळीच्या रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट, म्हणजे कठीण श्रमात रक्तात वाढणारा पदार्थ, तपासायचे, आणि ते ठरावीक पातळीच्या वर जात असेल तर वेग कमी करायचा. या पद्धतीचा अर्थ अनेक जण चुकीचा लावतात. जास्त जोर काढण्यापेक्षा जोर आवरण्यासाठी ती अधिक उपयोगी आहे, जेणेकरून दुसऱ्या दिवशीही तितक्याच दर्जाचे काम करता यावे. लॅक्टेट मोजण्याची सोय नसल्यास हृदयगती, सायकलवरील पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारे उपकरण) आणि स्वतःच्या श्वासाची जाणीव या तिघांचा मेळ घालावा.

एक नमुन्याचा आठवडा पुढीलप्रमाणे बांधता येतो. सोमवारी हलके पोहणे आणि वजनांचा व्यायाम. मंगळवारी सकाळी थ्रेशोल्डचे धावणे आणि संध्याकाळी हलकी सायकल. बुधवारी पाण्यातले मुख्य सत्र आणि तीन-चार तासांची निवांत सायकल. गुरुवारी सायकलवर कठीण तुकडे आणि त्यानंतर लगेच वीस-तीस मिनिटे धावणे. यालाच ब्रिक म्हणतात. सायकलवरून उतरल्यावर पाय जड आणि परके वाटतात, ती भावना सवयीची करून घेणे हा त्याचा हेतू. शुक्रवार सर्वांत हलका. शनिवारी पाच ते सहा तासांची सायकल, तिच्यात शर्यतीच्या जोराचे टप्पे. रविवारी लांब धावणे आणि संध्याकाळी मोकळे पोहणे. पोहण्याची उरलेली सत्रे मधल्या दिवशी बसवावीत. दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात एकूण भार सुमारे एक तृतीयांशाने उतरवावा, आणि तो आठवडा बरे वाटते आहे म्हणून रद्द करू नये.

वर्षाच्या पातळीवर दोन, फार तर तीन मुख्य शर्यती निवडाव्यात. त्याआधी उंचीवरच्या शिबिराचा विचार करता येतो. फ्लॅगस्टाफ, फाँ रोमो, सिएरा नेवाडा आणि सेंट मोरित्झ ही खेळाडूंची नेहमीची ठिकाणे साधारण १८०० ते २३०० मीटर उंचीवर आहेत. तेथील विरळ हवेत शरीर अधिक लाल पेशी तयार करते, पण त्यासाठी तीन-चार आठवडे राहावे लागते आणि शरीरात लोहाचा साठा पुरेसा असावा लागतो. लोह कमी असताना उंचीवर जाणे म्हणजे पैसा आणि हंगाम दोन्ही वाया घालवणे होय. उष्ण हवेतील शर्यतीसाठी १० ते १४ दिवस उष्णतेत सराव केल्यास घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे टेपरचे, म्हणजे भार उतरवण्याचे: अंतर जवळपास निम्म्यावर आणावे, परंतु थोडे वेगवान तुकडे कायम ठेवावेत.

झोपेबद्दल वेगळे सांगायलाच हवे. रात्री आठ ते नऊ तास आणि दुपारी थोडी, हा सरावाचाच भाग समजावा. सत्र आणि झोप यांत निवड करण्याची वेळ वारंवार येत असेल तर वेळापत्रक चुकले आहे.

या जगण्यातील एकटेपणही गृहीत धरावे. बहुतेक दिवस खाणे, सराव, झोप आणि पुन्हा सराव एवढेच असतात. लग्नकार्ये चुकतात, मित्र दुरावतात. सराव गटात राहून करता आला तर अवश्य करावा. जोडीदाराशी आणि घरच्यांशी हंगामाचे वेळापत्रक आधीच बोलून ठरवावे, कारण त्यांच्या आयुष्याची घडीही या वेळापत्रकाभोवतीच बसणार असते.

पायरी ६: खाण्याचा सराव करा

लांब शर्यतीत आघाडीचे खेळाडू आज तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदके घेतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, म्हणून दोन्हींचे मिश्रण घेतल्यास एवढे प्रमाण पचते. केवळ ग्लुकोज घेतल्यास तासाला सुमारे ६० ग्रॅमच्या पुढे फारसा उपयोग होत नाही. पण आतड्यांनाही सराव लागतो. तासाला ५० ते ६० ग्रॅमपासून सुरुवात करून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे वाढवावे, आणि शर्यतीत जे घ्यायचे तेच, त्याच स्वरूपात, शनिवारच्या लांब सायकलवर घ्यावे. पाणी आणि सोडियम किती लागते हे माणसागणिक वेगळे असते. लांब सत्राच्या आधी आणि नंतर वजन करून, मध्ये प्यालेले पाणी हिशेबात धरल्यास ताशी किती घाम जातो ते घरीच कळते.

शर्यतीपेक्षा मोठा धोका रोजच्या आहारात दडलेला असतो. इतक्या सरावाला पुरेल एवढे न खाल्ल्यास शरीर संप्रेरके, हाडे आणि प्रतिकारशक्ती यांचा खर्च कापू लागते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या अवस्थेला रेड-एस (खेळातील ऊर्जेची सापेक्ष कमतरता) हे नाव दिले. स्त्रियांत मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही त्याची ठळक खूण आहे आणि सराव चांगला चालल्याचे ते लक्षण मुळीच नव्हे. पुरुषांत कामेच्छा मंदावणे, सतत थकवा आणि वारंवार होणारे अस्थिभंग यांतून ते दिसते. वजन कमी केल्याने पहिले काही आठवडे वेग वाढतो, आणि म्हणूनच हा सापळा इतका घातक आहे. वजनावर बोट ठेवून खेळाडूला सर्वांसमक्ष बोलणाऱ्या प्रशिक्षकाकडे राहू नये.

पायरी ७: साहित्यात कुठे खर्च करावा

ताशी ४० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाताना सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेला बाजूला सारण्यात जाते, आणि त्या अडथळ्याचा मोठा भाग सायकलचा नसून शरीराचा असतो. म्हणून पहिला खर्च जाणकाराकडून करून घेतलेल्या बाइक फिटिंगवर, म्हणजे सायकल शरीराला जुळवून घेण्यावर, करावा. त्यानंतर टायर, हेल्मेट आणि अंगाला घट्ट बसणारा पोशाख, आणि सर्वांत शेवटी महागडी चाके व फ्रेम. जी बसण्याची ठेवण चार तास टिकत नाही किंवा जिच्यामुळे उतरल्यावर धावता येत नाही, ती वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचणीत कितीही वेगवान ठरली तरी निरुपयोगी आहे.

पायरी ८: शर्यतीचा दिवस

नियमपुस्तक दरवर्षी नव्याने वाचावे. वेटसूटची मुभा पाण्याच्या तापमानावर ठरते: ऑलिंपिक अंतरात एलिट खेळाडूंना पाणी २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून उष्ण असल्यास वेटसूट चालत नाही. दोन्ही शक्यतांची तयारी करून जावे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावू नये आणि सायकल जागेवर ठेवल्याशिवाय तो सोडू नये. या एका चुकीने मिळणारी शिक्षा महिन्याभराची मेहनत पुसून टाकते. ट्रान्झिशनचा, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना पोशाख व साहित्य बदलण्याचा, सराव मोकळ्या जागेत, दमलेल्या अवस्थेत, आठवड्यातून एकदा तरी करावा.

पाण्यात पहिले २०० ते ३०० मीटर आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने पोहावेच लागतात, कारण आपल्याला योग्य अशा वेगवान पोहणाऱ्याच्या पायांमागे लगटून राहण्याची संधी तेवढ्यातच मिळते. सायकलवर याच्या उलट वागावे. पहिल्या तासात सोपे वाटणे हीच योग्य गतीची खूण आहे. मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरनंतर चालत जाणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपली शर्यत सायकलच्या पहिल्या चढावरच गमावलेली असते.

पहिल्या मोठ्या शर्यती बिघडणारच. मार्क ॲलन कोना येथे सहा वेळा उतरूनही जिंकला नव्हता. १९८९ मध्ये आपला प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉट याच्या खांद्याला खांदा लावून जवळजवळ सगळी शर्यत केल्यानंतर त्याने ती ५८ सेकंदांनी जिंकली, आणि पुढे तेथे एकूण सहा विजेतेपदे मिळवली. प्रत्येक शर्यतीनंतर ४८ तासांच्या आत काय खाल्ले, कुठे जोर गेला आणि कुठे निर्णय चुकला हे लिहून काढावे. स्मृती फार लवकर सोयीची होते.

पायरी ९: पैशाचा हिशेब

केवळ बक्षिसांवर जगणारे ट्रायथलीट मोजकेच आहेत. २०२४ मध्ये कोनाच्या विजेत्याला १,२५,००० डॉलर मिळाले आणि बक्षिसे पहिल्या १५ जणांपर्यंत होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या आयर्नमॅन प्रो सीरीजमध्ये एकूण १७ लाख डॉलरचा बोनस वाटला गेला. सर्वसाधारण शर्यतीत मात्र पहिल्या काही जणांनाच रक्कम मिळते आणि ती झपाट्याने खाली येते. शिवाय अनेकदा उत्तेजक चाचणीचे निकाल आल्यावरच पैसे हाती येतात, आणि अनेक देशांत कर आधीच कापला जातो. म्हणून पुढीलपैकी उत्पन्नाचे निदान तीन स्रोत असावेत: संघटनेची किंवा सरकारची शिष्यवृत्ती, लष्कर वा पोलीस दलातील खेळाडूंच्या जागा, फ्रान्स आणि जर्मनीतील क्लब लीग, पुरस्कर्ते, आणि वयोगटाच्या खेळाडूंना दिलेले प्रशिक्षण. यांतील प्रशिक्षणाचे काम सर्वांत भरवशाचे, पण ते सरावाच्या पुनर्प्राप्तीचा वेळ खाते; पाच-सहा शिष्यांच्या पुढे सुरुवातीला जाऊ नये.

पुरस्कर्त्याचा करार वाचताना पुढील गोष्टी लेखी असल्याची खात्री करावी: रक्कम कोणत्या तारखेला व कोणत्या चलनात मिळणार, साहित्य म्हणजेच मोबदला धरला आहे का, दुखापत किंवा गर्भारपणात मानधन कापले जाणार का, आणि किती शर्यती सक्तीच्या आहेत. शेवटचे कलम विशेष जपावे. दुखऱ्या पायाने शर्यतीत उतरायला भाग पाडणारा करार रकमेने मोठा दिसला तरी महाग पडतो. व्यवसाय आणि मातृत्व यांची सांगड आता अशक्य राहिलेली नाही: निकोला स्पिरिगने २०१२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि आई झाल्यानंतर २०१६ मध्ये रौप्य मिळवले, सोडारोने बाळंतपणानंतर सुमारे दीड वर्षात २०२२ चे कोना जिंकले. पण त्यासाठी कराराने साथ द्यायला हवी.

पायरी १०: उत्तेजक चाचणीची शिस्त

नोंदणीकृत चाचणी गटात, म्हणजे अचानक चाचणीसाठी निवडलेल्या खेळाडूंच्या यादीत, नाव आले की रोज रात्री कुठे राहणार आणि दिवसातील कोणत्या ६० मिनिटांत कुठे सापडणार, हे अ‍ॅडम्स या उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या ऑनलाइन प्रणालीवर आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाल्यास, म्हणजे चाचणी हुकल्यास किंवा माहिती वेळेत न भरल्यास, शरीरात काहीही सापडले नसतानाही बंदी येऊ शकते. पहाटेची वेळ निवडावी, कारण त्या वेळी माणूस बहुधा अंथरुणातच असतो. कोणतेही औषध घेण्यापूर्वी बंदी असलेल्या पदार्थांची यादी पाहावी, गरज असल्यास उपचारासाठीची सूट आधी मागावी, आणि पूरक आहार घ्यायचाच असेल तर त्या खेपेची स्वतंत्र तपासणी झालेलाच घ्यावा. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते.

पायरी ११: दुखापतीतून परतणे

टाच व पोटरी यांना जोडणारा स्नायुबंध, नडगीची आणि पावलाची हाडे, पोहणाऱ्यांचा खांदा, आणि सायकलवरून पडल्यावर गळ्याचे हाड, या नेहमीच्या जागा आहेत. दुखणे चालण्यात जाणवू लागले, किंवा सरावाच्या सुरुवातीला नाहीसे होऊन नंतर परत आले, तर त्याच दिवशी धावणे थांबवावे. तीन दिवसांची विश्रांती नाकारणाऱ्याला पुढे तीन महिन्यांची घ्यावी लागते. सुदैवाने या खेळात एक प्रकार बंद पडला तरी दुसरे दोन बहुधा चालू ठेवता येतात. वर्षातून एकदा हृदयाची तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. दीर्घकाळ कठोर सराव केलेल्यांत हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रमाण जास्त आढळते.

ब्रिटनचा टिम डॉन २०१७ मध्ये कोनाच्या शर्यतीला तीन दिवस उरले असताना सायकलवर मोटारीची धडक बसून पडला आणि त्याच्या मानेचे हाड मोडले. कवटीला स्क्रूने जोडलेली चौकट घालून त्याने तीन महिने काढले, आणि एप्रिल २०१८ मध्ये तो बोस्टन मॅरेथॉन २ तास ४९ मिनिटांत धावला. ही कथा धैर्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण तिच्यातला अनुकरणीय भाग म्हणजे डॉक्टरांनी आखून दिलेल्या क्रमाने त्याने पार केलेली एकेक पायरी.

पायरी १२: निवृत्तीची तयारी पहिल्या वर्षापासून

कमी अंतराची कारकीर्द बहुधा तिशीच्या सुरुवातीपर्यंत चालते, लांब अंतराची त्यानंतरही काही वर्षे. शिक्षण अर्धवट सोडू नये; हंगामाबाहेरच्या महिन्यांत ते सावकाश पुढे नेता येते. उत्पन्नाचा ठरावीक भाग पहिल्या वर्षापासून बाजूला काढावा. थांबताना सराव एकदम तोडू नये, तर काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावा, म्हणजे शरीर आणि झोप दोन्ही जुळवून घेतात. आणि निवृत्तीची सूचना संघटनेला व चाचणी यंत्रणेला लेखी द्यावी. चाचणी गटातला खेळाडू निवृत्तीनंतर पुन्हा उतरू इच्छीत असेल तर त्याला सहा महिने आधी लेखी कळवून त्या काळात चाचणीसाठी उपलब्ध राहावे लागते, म्हणून मन द्विधा असेल तर सूचना पाठवण्याआधी एक पूर्ण हंगाम शर्यतींविना काढून पाहावा.